तीर्थपुरीच्या पाणपोईवरच्या बाया

मैत्रिणीच्या मोबाइलवर पांढऱ्या टाइलवर रंगवलेली एक बाई पाहिली. पदर खोचलेला, तोंडभर हसणारी. देवी नव्हे, राणी नव्हे. चित्रकार मीनाताई तीर्थपुरीच्या आहेत हे कळलं, त्यांना फोन केला आणि रविवारी मी निघालेच. घरातली पहिली पदवीधर मी. ‘चित्र बघायला एवढ्या लांब?’ असं घरी सगळ्यांना वाटलं, पण अडवलं कुणी नाही.

हसनाबादहून जालना, पुढे अंबड, तिथं गाडी बदलून तीर्थपुरी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च फार येत नाही. अंबडच्या स्टँडबाहेरची गरम भजी मात्र चुकवू नका.

“जय भीम! बराबर आलीस. आज टाइला बसवायच्यात,” मीनाताईंनी दारातच हात धरला. रंगवलेली टाइल त्या घरामागच्या भट्टीत भाजतात, मग रंग पाण्यानं जात नाही. गावातल्या कष्टकरी बायकांची ही चित्रं बाजारातल्या नव्या पाणपोईवर लागणार होती. लेकरांचा हात पोहोचावा म्हणून ताईंनी अगदी खालची रांग ठरवली होती.

पाणपोईपाशी गवंड्यानं पहिली टाइल उचलली, तोच ज्यांचं ते चित्र होतं त्या सरूबाई धावत आल्या.

“थांब रं! खाली कुठं लावून राह्यला? खाली देवाच्या टाइला लावत्यात, लोकांनी थुंकू न्हाई म्हणून. तरी थुंकत्यात! म्या काय राखणीला बसू तिथं?”

“मंग आमच्या बी नका लावू, ताई,” बाकीच्या बायका म्हणाल्या.

ताईंचा चेहरा उतरला. वर्षभराची मेहनत भिंतीपाशी येऊन अडली होती. जिन्यातल्या, कोपऱ्यातल्या त्या टाइला आपण रोज बघतो, पण हे ताईंच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

“चुकलं माझं, सरूबाई. तुम्हीच सांगा, कुठं लावू?”

सरूबाईंनी गिलास भरला, तोंडाला लावला आणि तसंच बोट वर केलं. पाणी गिळून म्हणाल्या, “पिताना मान वर जाती. नळाच्या वर लावा.”

“तिथं बी कुणी थुंकलं तर?” गवंडी हसला.

“थुंकू दे की. त्याच्याच तोंडावर पडन!”

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. लेकरांसाठी गवंडी खाली एक पायरी बांधून देणार आहे. ऊन कलेपर्यंत सगळी रांग लागली.

घरी आले तेव्हा रात्र झाली होती; दिवसभर कापूस वेचून आलेली आई जागीच होती. फोटो काढायचा म्हटलं की ती तोंड फिरवते. सरूबाईंचं चित्र मात्र ती मोबाइल जवळ धरून बघत राहिली.

“माझं काढतील का त्या?”

“काढतील की.”

“मंग वेचताना नको. निवांत बसलेली काढा म्हणावं.”