साडूच्या गाडीला खोबरेल

हसायचं तर आधी चहाचा कप खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना परवा एकाला ठसका लागला, आणि पाठ मलाच चोळावी लागली.

माझा साडू प्रसाद दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. त्याच्याकडे जुनीपुराणी लाल जर्मन गाडी आहे. लोक थांबून तिच्यासोबत फोटो काढतात. आम्ही गाझियाबादला, आणि आमची पांढरी गाडी पार्किंगमध्ये मला स्वतःलाच सापडत नाही. पोटात दुखणार नाही तर काय होईल? त्यात बायको, म्हणजे नेहा, रोज ऐकवते, "यार, भाऊजी स्वतः पॉलिश करतात."

जानेवारीत सासरे पुण्याहून प्रसादकडे आले. तरुणपणी त्यांच्या साहेबांकडे अशीच गाडी होती, पण आत बसायचं भाग्य कधी लाभलं नाही. रविवारी तिच्यातून इंडिया गेटला चक्कर मारायची, एवढीच त्यांची इच्छा. आणि शनिवारी गाडी रुसली. इंजिनात पेट्रोल फवारतो ना, तो एक इंजेक्टर जाम! मेकॅनिकने तो काढून प्रसादच्या हातात दिला. "रात भर तेल में डुबो दो साहब, सुबह तक खुल जाएगा," म्हणाला आणि निघून गेला कुठल्याशा लग्नाला.

मी तिथेच उभा होतो. मला आतून गुदगुल्या झाल्या. गाडी त्याची आणि दुरुस्ती माझी, तीही सासऱ्यांसमोर.

"आण इकडे," मी म्हणालो.

"तुला जमेल?"

"कॉलेजात हेच तर करायचो."

कॉलेजात मी कॉमर्सला होतो.

आता तेल कुठलं, हे मेकॅनिक बोलला नव्हता, आणि विचारलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं. घरी हीटरजवळ नेहाची खोबरेलाची बाटली पातळ करायला ठेवलेली दिसली. वाटीत ओतलं तेल, बुडवला इंजेक्टर.

"पेट्रोलचा वास मारतोय, बाल्कनीत ठेव ते," नेहा म्हणाली. ठेवलं.

दिल्लीचा जानेवारी, बाल्कनी आणि खोबरेल. तुम्हाला कळलं, मला नाही कळलं. सकाळी वाटीत पांढराशुभ्र दगड आणि इंजेक्टर आत गडप. इतकी वर्षं इथे राहतोय, रोज ती बाटली शेकतोय, पण साडूची जिरवायच्या नादात अक्कल तेलाच्या आधीच गोठली होती.

तेवढ्यात प्रसादचा फोन. बाबा कोट घालून तयार बसलेत म्हणे. तशीच वाटी घेऊन, नेहाला घेऊन गेलो.

"हे काय आहे?" प्रसादने भुवई उडवली.

खरं सांगून मोकळा झालो असतो हो. पण ती भुवई!

"कोकणातली पद्धत आहे," मी म्हणालो. "आधी गोठवायचं, मग एकदम तापवायचं. गंज हादरतो." कोकणात मी फक्त मासे खायला गेलोय.

मेव्हणीचा हेअर ड्रायर आणला. तेल वितळलं, प्रसादने दोन हलके ठोके दिले आणि काय सांगू, आतली सुई खरंच सुटली. मी पडायचाच बाकी होतो. प्रसादने इंजेक्टर पेट्रोलने धुऊन बसवला आणि गाडी सुरू झाली. धुराला नारळाच्या वड्यांचा वास येत होता.

"समीरराव, हातात जादू आहे तुमच्या," सासरे म्हणाले. प्रसादचा चेहरा उतरला. जळ आता खुशाल, असं मनात म्हणत मी ऐटीत पुढचं दार उघडायला गेलो.

"अरे, मग माळ्यावर असलेच जाम झालेले इंजेक्टर डबाभर पडलेत," प्रसाद म्हणाला. "तेवढे बघतोस?"

"बघतील की," सासरेच म्हणाले. "कोकणातली विद्या आहे."

आता नाही कुठल्या तोंडाने म्हणू? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. सासरे पुढे, दोघी बहिणी मागे, प्रसाद रुबाबात चालवायला, आणि सगळे निघाले. मी गॅलरीत फतकल मारून, कोपरापर्यंत खोबरेलात. एक इंजेक्टर सुटेल तर शपथ. वर हेअर ड्रायर जळला.

दुपारी मंडळी परतली. सासऱ्यांचा चेहरा नुसता फुललेला. त्यांनी माझ्या तेलकट खांद्यावर थाप मारली आणि शेजारच्यांना अभिमानाने सांगितलं, "दोन्ही जावई रत्नं मिळाली हो मला. एक गाडीत मिरवायला आणि एक गाडीखाली घालायला."