फोटोतला दगड हलला तेव्हा

नागपूरच्या एअरपोर्टवरून मी निघाले तेव्हा आई रडली नाही, मीच रडले. एकोणतीस वर्षांची घोडी, डोळ्यांची सर्जन झालेली, आणि ट्रॉलीचा दांडा धरून हमसून हमसून रडत होते. दारापाशी माझे पायच उचलेनात. आई जन्मभर शाळेत चौथीचा वर्ग सांभाळत आलेली. ती म्हणाली, "काहून घाबरून राहिली? घाबरायचं तर घाबर, पण पुढे सरक बाई, मागे लाइन लागली आहे." मागचे लोक हसले. मीही नाक पुसत हसले आणि आत गेले. बाबा दोन वर्षांपूर्वीच गेले होते. म्हणजे मी आईला अगदी एकटी टाकून चालले होते, आणि ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

त्याला सोळा वर्षं झाली. आपल्या मेडिकलच्या बॅचचे निम्मे तुम्ही तिकडेच आहात, निम्मे माझ्यासारखे कुठे कुठे पांगलात. ग्रुपवर मी इंग्लंडातल्या लेस्टरहून धुक्यातली झाडं, हरणं, तळी टाकते आणि तुम्ही म्हणता, "डॉक्टरीणबाई, आता डोळे सोडा आणि कॅमेराच धरा!" मी हसण्याचा इमोजी टाकते. गेलं वर्षभर ते वाक्य वाचलं की मी फोन पालथा ठेवते. कारण ते सगळे फोटो ट्रायपॉडवरचे आहेत, आणि डोळ्यांची ऑपरेशनं मी खरंच सोडलीत.

कॅमेरा आला तो घटस्फोटानंतर. तुमच्यापासून काय लपवायचं, शनिवार मला खायला उठायचा. आठवडाभर हॉस्पिटल, ड्युट्यांचा रोटा, क्लिनिक, आणि शनिवारी सकाळी फ्लॅटमध्ये बॉयलरचा आवाज. म्हणून मी कम्युनिटी सेंटरमधल्या फोटोग्राफीच्या वर्गाला नाव घातलं. शिकवणारा कॉलिन, रिटायर्ड बस ड्रायव्हर. टायमिंग बसवाल्याइतकं कुणाला कळतं, असं तोच सांगायचा. तो आम्हा सात जणांना सेंटरच्या मिनीबसने गावाबाहेरच्या ब्रॅडगेट पार्कला न्यायचा. तिथे शेंडे छाटलेले जुने ओक आहेत, दगडी भिंती आहेत, नेच्यांमधून फिरणारी हरणं आहेत. फ्रेममध्ये पुढे काहीतरी ठेवायचं, दगड म्हणा, ओंडका म्हणा, नाहीतर बघणाऱ्याची नजर आत शिरणार कुठून? मग गप्प उभं राहायचं. ढग सरकेल, ऊन झाडाच्या बुंध्यावर येईल, तेव्हा बटण दाबायचं. क्लिनिकमध्ये पेशंटला दहा मिनिटं देणारी मी एका ओकला चाळीस मिनिटं द्यायला लागले. फार सुखाचे दिवस होते हो ते.

एका शनिवारी कॉलिनने सगळ्यांचे ट्रायपॉड बसमध्येच ठेवायला लावले. कॅमेऱ्यातला, हाताचा कंप सावरून घेणारा स्टॅबिलायझरही बंद करायला सांगितला, कारण त्याच्यामुळे हातांना आळस चढतो म्हणे. शटर जितका वेळ उघडं, तितका वेळ हात स्थिर हवा. आमच्या साध्या लेन्सला सेकंदाचा साठावा भाग कुणालाही हातात धरून जमावा, त्याहून जास्त वेळ शटर उघडं ठेवायचं तर मात्र सांभाळून, हा त्याचा नियम. सगळ्यांनी एकच ओक काढला, पुढे एक मोठा दगड ठेवून.

पुढच्या शनिवारी फोटो पडद्यावर लागले. ऐंशीच्या घरातली वर्गमैत्रीण जीन, तिचा फोटो लख्ख. माझा आला आणि कॉलिन जरा थांबला. मी घाईने म्हणाले, वारा होता, फांद्या हलल्या. तो म्हणाला, "फांद्या हलल्या तर फांद्याच पुसट येतात, माय डिअर. इथे दगडसुद्धा हललाय." दगडाच्या कडेला खरंच दुसरी कड होती. कुणीतरी म्हणालं, "टू मच कॉफी, डॉक्टर?" सगळे हसले. मीही हसले, पण त्या दगडावरून नजर काढता आली नाही.

कारण कॉफी मी सोडून वर्ष झालं होतं. मायक्रोस्कोपखाली हत्याराचं टोक हलकंसं थरारताना मला दोन-तीनदा दिसलं होतं. मी ते कॉफीवर ढकललं. कॉफी सोडली, तर झोपेवर ढकललं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मनगट टेकलेलं असतं, सगळं निभावून जात होतं. मी कानाडोळा केला. दुसरा शब्दच नाही त्याला.

रविवारी दुपारी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर तूरडाळीचं पाकीट उभं केलं आणि त्यावरची अक्षरं टिपायला बसले. सेकंदाच्या अडीचशेव्या भागाला अक्षरं साफ. सव्वाशेव्या भागाला संशयास्पद. साठाव्या भागाला डाळीच्या दोन डाळी. मग कॅमेरा पुस्तकांच्या थप्पीवर टेकवला, तर साठाव्या भागालाही साफ. तीस वेळा केलं. डॉक्टर ना मी, एका रिपोर्टवर विश्वास कसा ठेवणार? शेवटी कॅमेरा ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिले.

खरं सांगते, इतकी मी आयुष्यात कधी भ्याले नव्हते. जे तुम्हा डॉक्टरांना सुचलं तेच मलाही सुचलं, कंपवात. कोथिंबीर नाकाशी धरून वास येतो का बघितला. कागदावर स्वतःचं नाव वीस वेळा लिहून अक्षर बारीक होत जातंय का बघितलं. रस्त्यावरून जाताना दुकानांच्या काचेत आपला उजवा हात झुलतोय का ते चोरून बघायची. हात गेला तर काम गेलं, आणि काम गेलं तर मी इथे कशासाठी आहे? आईला तिथे एकटी ठेवून मी जे काय मिळवलं, ते सगळं या दोन हातांवर होतं.

आणि तरी त्या बुधवारी मी ऑपरेशनं केली. सहा. सहाही चांगली झाली. हे मी अभिमानाने सांगत नाहीये. अजून त्या सहा जणांची नावं मला पाठ आहेत.

पुढच्या बुधवारी लिस्टमध्ये पहिल्या होत्या बेलग्रेव्ह रोडच्या सविताबेन. वय अठ्ठ्याहत्तर, एक डोळा लहानपणीच गेलेला, दुसऱ्यात पिकलेला मोतीबिंदू. म्हणजे एकच डोळा, आणि तो त्या माझ्या हातात देणार. फॉर्मवर सही करताना माझा हात थोपटून म्हणाल्या, "तमे छो ने, पछी शुं चिंता!" तुम्ही आहात ना, मग कसली काळजी. मी त्यांना म्हटलं, पाच मिनिटांत येते, आणि तडक आमच्या कन्सल्टंटच्या, म्हणजे विभागाच्या मुख्य डॉक्टर हेलनच्या खोलीत गेले.

चालत गेले तेवढ्या कॉरिडॉरमध्ये मी दोनदा थांबले. परत फिरता आलं असतं. तोवर कुणालाच काही कळलेलं नव्हतं, आणि सविताबेनचं ऑपरेशन बहुतेक नीटच झालं असतं. बहुतेक! आपल्या आईचा डोळा कुणी "बहुतेक" म्हणून उघडला असता तर?

"मला आज ऑपरेट करता येणार नाही. माझा हात थरथरतो," मी म्हणाले. हेलनने हात पुढे करायला सांगितले, बघितले, आणि इतकंच म्हणाली, "थँक यू फॉर टेलिंग मी." सविताबेनचं ऑपरेशन तिने केलं. मी चेंजिंग रूममध्ये बसून होते, ऑपरेशनच्या कपड्यांतच, त्यांना बाहेर आणेपर्यंत.

न्यूरॉलॉजीच्या तारखेला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मी आईला रोज "मजेत आहे" म्हणाले. तारीख आली, तपासण्या झाल्या. ज्याला भ्याले होते ते नव्हतं. पिढीजात असते तशी थरथर होती. गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही, आणि डोळ्याच्या आतलं बारीक काम आता नको. घरात कुणाला आहे का, डॉक्टरांनी विचारलं. मी ठामपणे "नाही" म्हणाले.

त्या रविवारी आईला व्हिडिओ कॉल केला. तिच्या नेहमीच्या पद्धतीने फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला, त्यामुळे अर्धं कपाळ आणि छताचा पंखा. इतकी वर्षं मी तिला फ्रेम सुधारायला सांगत होते, "अगं हातात धर ना!" त्या दिवशी मी काहीच शिकवलं नाही. सगळं सांगून टाकलं, ओकपासून सविताबेनपर्यंत.

आई पुढे वाकली, स्क्रीनवरचं कपाळ मोठं झालं. मग म्हणाली, "कोणता हात?"

"उजवा जास्त."

"माझा पण उजवाच."

रिटायर व्हायच्या आधीपासून होतं तिला. फळ्यावर लिहिताना खडू टकटक वाजायचा, तर पोरांना वाटायचं बाई चिडल्या. मी भडकले. चांगलीच भडकले. "आई, मी डॉक्टर आहे ना गं! मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय केलं असतं? धावत आली असती, नाहीतर येता येत नाही म्हणून रडत बसली असती. आणि तू? तू किती दिवसांनी सांगून राहिली?"

"दोन महिन्यांनी."

"मग?" आई म्हणाली. चौथीच्या वर्गातला "मग" होता तो.

आता मी फक्त क्लिनिक करते, तपासते, औषधं लिहिते. ऑपरेशन थिएटरच्या दारावरून जाताना अजून काचेतून आत बघते. कप पूर्ण भरून घ्यायची भीती वाटते, लोकांसमोर सही करायची वाटते, आणि या गोळ्या पुरेनाशा होतील त्या दिवसाची तर रोज वाटते. भीती गेली असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण इतकी वर्षं मी घरी फक्त साफ आलेले फोटो पाठवत होते, पास झाले, पोस्टिंग मिळालं, फ्लॅट घेतला, आणि त्यालाच घराशी संबंध ठेवणं म्हणत होते. खराब आलेलाही जिथे दाखवता येतो ते घर, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मागच्या रविवारी आई म्हणाली, "थांब, गॅलरीतला तगर दाखवते, लय फुलला आहे." आणि तिने फोन डब्यावरून उचलून हातात घेतला. पंखा हलला, फ्रिज हलला, दाराची चौकट हलली, तिची हनुवटी, मग खूपसं पांढरं काहीतरी.

"नीट दिसत नसेल तुला," ती म्हणाली.

"दिसून राहिलं, आई," मी म्हणाले. माझ्याही हातातला फोन थरथरत होता. मी तो कशाला टेकवला नाही.