जास्तीचे दोन मार्क

आमच्या कॉलेजातल्या लोकवनस्पतीवाल्या सरांइतका मार्कांचा चिक्कू माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. माणसं झाडाझुडपांचं काय काय करतात, काय खातात, कशावर काय लावतात, हे ते शिकवतात. मी प्राणीशास्त्राची, आमची टेबलं एकमेकांना लागून, त्यामुळे पेपर तपासतानाचे त्यांचे सुस्कारे मला ऐकावेच लागतात. पोरानं कितीही छान लिहिलेलं असो, सरांचा हात शेवटी अर्ध्या मार्काशी अडखळणारच. बरं, ही खोड पेपरापुरती असती तर ठीक होतं. कॅन्टीनचा समोसा, प्राचार्यांचं भाषण, स्टाफरूममधल्या नव्या खुर्च्या, सगळ्यांना ते मार्क देतात. माझ्या भावाच्या लग्नात पंगतीत बसून वांग्याच्या भाजीला त्यांनी दहापैकी साडेसहा दिले, तेही वाढणाऱ्या माझ्या मामाला ऐकू जातील अशा आवाजात. मामा अजून विचारतो, बाकीचे काहून कापले वं त्यानं?

आणि याच चिक्कू माणसानं जास्तीच्या दोन मार्कांची सोय काढली होती. आपल्या घरी वापरतात असं काहीतरी झाडपाल्याचं आणायचं. भाजी असेल तर घरी करतात तशी करून डब्यात आणायची आणि शनिवारी प्रयोगशाळेत सरांपुढे ठेवायची. सर आधी वास घेणार, डोळे मिटणार, मग बोटभर चाखणार. स्वतः अनुभव घेतल्याशिवाय मार्क नाहीत, हा नियम. एकानं सावनेर रोडवरच्या ढाब्यावरून भाजी आणली आणि आईनं केली म्हणून सांगितलं. सरांनी झाकण उघडल्या उघडल्या विचारलं, तुझी आई ढाबा चालवते काय? एकदा कुणीतरी खाजकुहिरीच्या शेंगा आणल्या. त्यांनी काय होतं हे सरांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? पण नियम तो नियम. शेंगेवरून बोट फिरवून दिवसभर खाजवत बसले आणि दीड मार्क दिला. अर्धा कशाचा कापला म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "खाज थोडी कमी वाटली, मॅडम."

गेल्या पावसाळ्यात सरांना ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास आणि चव घेऊन गेला. येईल हळूहळू, म्हणाले डॉक्टर. कधी ते त्यांनाही सांगता येईना. सरांनी हे फक्त मला सांगितलं, तेही माझ्या डब्यातला ठेचा त्यांनी श्रीखंडासारखा खाल्ला आणि मी घाबरून पाणी पुढे केलं तेव्हा. मला फार वाईट वाटलं. तो माणूस सगळं जग नाकानं ओळखायचा हो.

त्यातच जास्तीच्या मार्कांचा शनिवार आला. सगळ्यांना देऊन टाका, कुणाला कळणार आहे, असं मी सुचवलं. न चाखता दिले तर त्याला मार्क कशाला म्हणायचं, असं सर म्हणाले. मग रद्द करा, म्हटलं. तेही जमणार नव्हतं, कारण बुटीबोरीहून येणारी एक मुलगी नेमकी दोन मार्कांनी अडकली होती. पेपर राहिला तर तिचं वर्ष जाणार होतं, आणि वर्ष गेलं तर कॉलेज बंद, असं वडिलांनी बजावलं होतं. हे आमच्या सगळ्या विभागाला माहीत होतं.

शनिवारी सर पोरांपुढे उभे राहिले आणि सरळ सांगून मोकळे झाले. "मले वास येऊन नाही राहिला, अन् चवही नाही. तुम्हीच चाखा अन् तुम्हीच सांगा. मी तुमच्या भरवशावर मार्क देतो."

मग काय विचारता! अंबाडीची चटणी एकदम फर्स्ट क्लास, कुंजराची भाजी लाजवाब, शेवग्याच्या पानांचे वडे तर विचारूच नका. सर भाबडेपणानं मान डोलावत होते आणि पूर्ण दोन-दोन मार्क देत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात अडखळत नव्हता. मला ते बघवेना.

बुटीबोरीवाली शेवटी आली. डब्यात तरोट्याची, म्हणजे पावसाळ्यात उगवणाऱ्या टाकळ्याची भाजी होती. तिनं घास घेतला आणि डब्यात बघत राहिली. सरांच्या पाठीमागून मी हातानं खुणावलं, छान म्हण आणि मोकळी हो. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे.

"कडू झाली सर. माय पहिल्या पावसात तोडते, मले उशीर झाला. पानं जून निघाली."

मी कपाळाला हात लावला.

"कुठं लागते कडू?" सरांनी विचारलं. "जिभेच्या टोकाले?"

"नाही जी. मागं, घशापाशी. गिळल्यावरही जात नाही."

सर डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी तिच्या डब्यातला घास उचलून तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाले, "बराबर. जून तरोटा असाच लागते." पूर्ण दोन मार्क दिले.

मग मागच्या बाकावरून चटणीवाला उठला आणि म्हणाला, सर, माझ्या चटणीत मीठ जास्त आहे. त्याच्यामागून वडेवाली उठली, तिचे वडे आतून कच्चे होते. एकेक करून बाकीचे सगळेच उठले, आणि सरांनी मोठ्या समाधानानं उठलेल्या प्रत्येकाचा अर्धा मार्क कापला.

वास अजून परतलेला नाही. आता जेवायला बसलो की सर पहिला घास घेतात आणि माझ्याकडे बघतात. मी त्यांच्या डब्यातली भाजी चाखते आणि बिघडली असेल तर बिघडली म्हणून सांगते.