पंखावरचा ओघळ

घाई न करणारा एकच माणूस पुण्यात उरला आहे आणि ते माझे सासरे आहेत. विश्रांतवाडीतल्या घराच्या गच्चीवर ते हातभर लांबीची लाकडी विमानं करतात. खरी विमानं डोक्यावरून घरघरत जातात, त्यांच्याकडे मान वर करून बघत नाहीत. ‘रंग काही खास नाही त्यांचा,’ एवढंच म्हणतात. लाकूड घासायला आठवडा, अस्तराला दोन दिवस, मग रंग. स्प्रेचा डबा आधी कोमट पाण्यात बसणार, नंतर घड्याळ लावून हलवला जाणार. अंतर वीतभर. फवारा पंखाच्या अलीकडे सुरू करायचा आणि पलीकडे जाऊन थांबवायचा; पंखावर रेंगाळला की ओघळ आलाच. थर इतका पातळ, की रंग दिलाय हे पहिल्यांदा फक्त त्यांनाच दिसतं. वाळेपर्यंत गच्चीवर कुणी केर काढायचा नाही, चादर झटकायची नाही. लग्नाआधी त्यांना भेटायला गेलो तेव्हा ‘वाळलं का?’ म्हणत मी पंखाला बोट लावलं होतं. त्यांनी तो पंख शांतपणे पुन्हा घासायला घेतला आणि मुलीला म्हणाले, ‘मुलगा बरा आहे. धीर नाही.’ आमचं लग्न चार महिने लांबलं.

यंदा त्यांची नजर गेली. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. ‘आता सुधारणार नाही,’ असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन अर्धवट राहिलेलं विमान रंगवायला काढलं. मी गच्चीवर पोचलो तेव्हा पंखाच्या मधोमध जाड ओघळ उतरला होता.

‘कसं झालंय, जावईबापू?’

‘अगदी गुळगुळीत,’ मी म्हणालो.

रंग वाळेपर्यंत आम्ही गच्चीवरच बसून राहिलो. मग त्यांनी पंखावरून बोट फिरवलं. ते ओघळापाशी थांबलं.

‘खोटंसुद्धा पातळ हाताने बोलावं,’ ते म्हणाले.

पुढच्या रविवारी पंख घासून तयार होता. डबा माझ्या हातात देऊन ते खुर्चीत बसले. ‘मारा तुम्ही. मला आवाजावरून कळतं.’

मी फवारा सोडला.

‘जवळ आलात. मागे घ्या. हं, आता बरोबर.’

हात थांबल्यावर मी नीट पाहिलं. ‘टोकाला ओघळ आलाय, बाबा.’

‘मग रविवारी या. परत घासू.’

मी हो म्हणालो आणि डब्याचं तोंड रंगाने बुजू नये म्हणून तो उलटा धरून दाबला. त्यातून नुसती हवा फुसफुसेपर्यंत ते कान देऊन ऐकत राहिले.