नारायणगावचा हाफ-डे

बहुतेक माणसं मूर्खपणा घाईत करतात. मी तयारी करून करतो. रात्रभराच्या माझ्या पहिल्या सायकल राइडची तयारी मी पंधरा दिवस आधीपासून करत होतो. रावेतच्या घरी बाल्कनीत सायकल उलटी ठेवून चेन पुसायचो, मोबाइलवर थंडीचे व्हिडिओ बघायचो आणि बायकोला गंभीर चेहऱ्यानं सांगायचो की थंडीचा प्रश्न मी तांत्रिकदृष्ट्या सोडवला आहे. ती म्हणाली, स्वेटर घाला म्हणजे झालं. पण स्वेटर काय, कुणीही घालतो.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्या पॅकिंग विभागात पॅलेटवर खोकी रचली की त्यांच्याभोवती स्ट्रेच फिल्म गुंडाळतात. पारदर्शक, ताणली जाणारी, हवा न सोडणारी प्लॅस्टिकची पट्टी. ती गुंडाळलेला माल पावसात उभा राहिला तरी आत थेंब जात नाही. हे मी रोज बघतो. मग मला वाटलं, जिच्यातून पाणी आत जात नाही तिच्यातून थंडी काय जाणार? राइडच्या दिवशी संध्याकाळी पॅकिंगच्या एका माणसाला पटवलं, स्टोअरच्या मागे हात वर करून उभा राहिलो आणि त्यानं माझ्याभोवती छातीपासून कमरेपर्यंत सात फेरे घेतले. खोक्याभोवती आपण पाचच घेतो, असंही त्यानं सांगितलं. वर जर्सी चढवली. मी इतका खूश होतो की त्याला म्हटलं, वरती ‘नाजूक माल’ असं स्टिकर पण लाव.

ही गोष्ट मी माझ्या मित्राला सांगितली नाही, कारण तो हसला असता. तो आमच्याच कंपनीत मेंटेनन्सला होता, मूळचा लातूरकडचा, महाळुंग्यात घर केलेलं. मला सायकलच्या नादाला त्यानंच लावलं. नाइट शिफ्टला तो सायकलवरूनच यायचा, त्यामुळे अंधाराची आणि थंडीची त्याला सवय होती. त्याची तयारी अगदी गावठी. कंपनीतले पांढरे सुती हातमोजे, त्यावर दुसरे मोठ्या मापाचे. माकडटोपी. खिशात शेंगदाणे आणि गूळ. उतार लागण्याआधी छातीशी घालायला कालचं वर्तमानपत्र. आणि सीटमागच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये बांधलेला, एक कोरडा बनियन आणि लोकरीचा स्वेटर. ते कपडे अर्ध्या वाटेपर्यंत बाहेर काढायचेच नाहीत, असा त्याचा नियम. थंडी अंगाला लागत नाही, घामाला लागते, हे त्याचं वाक्य मी निदान वीस वेळा ऐकलं होतं. ऐकणं आणि ऐकून घेणं यात जो फरक असतो तो माझ्याकडे आजन्म आहे.

राइड दोनशे किलोमीटरची. निगडीहून रात्री आठला निघायचं, नाशिक रस्त्यानं घारगावपर्यंत जायचं, तिथे आयोजकांनी दिलेल्या कार्डावर शिक्का घ्यायचा आणि परत यायचं. साडेतेरा तासांत पोचलं तर मेडल. मिनिटभर उशीर झाला तर घरी जाऊन झोपायचं.

मंचरपर्यंत मी सगळ्यांच्या पुढे होतो. अंगातून वाफ निघत होती. मित्र मागून म्हणाला, जरा हळू, घाम काढू नको. मी म्हटलं, मला घाम येत नाही. येत होता, पण तो बाहेर दिसायचा प्रश्नच नव्हता. सात फेऱ्यांच्या आत माझं छोटंसं शेततळं तयार झालं होतं.

घारगावला अडीच वाजता शिक्का घेतला, चहाच्या टपरीवर दहा मिनिटं बसलो आणि तिथेच माझी थंडी सुरू झाली. आधी दात. मग खांदे. मग हातातला कप असा हलायला लागला की निम्मा चहा मांडीवर सांडला आणि तेवढ्या जागी बरं वाटलं. मित्रानं माझ्या पाठीवर हात ठेवला तर कुर्रर्र असा आवाज आला. त्यानं जर्सी वर केली आणि टॉर्च मारली.

“भावा,” तो म्हणाला, “तू पार्सल झालायस.”

टपरीमागे नेऊन त्यानं पंक्चरच्या पिशवीतली छोटी कात्री काढली आणि मला कापून बाहेर काढलं. आतून पाणी ओघळलं. मग त्यानं आपली पिशवी सोडली, कोरडा बनियन माझ्या डोक्यातून घातला, त्यावर तो लोकरीचा स्वेटर. मी म्हटलं, अरे मग तुला? तो म्हणाला, मला सवय हाय. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. हे मला नीट आठवतं, कारण दुसऱ्यांदा विचारावं असं मनात आलं होतं आणि स्वेटर इतका उबदार होता की मी तोंड उघडलं नाही.

पहाटे पाचच्या सुमाराला नारायणगावात आलो. नदीच्या पट्ट्यातली थंडी, द्राक्षाच्या बागांवरून आलेली. मित्राच्या अंगात नुसती घामेजलेली जर्सी, छातीशी लगदा झालेलं वर्तमानपत्र आणि वर पातळ विंडचीटर. त्याची बोटं ब्रेकवर वळत नव्हती. एसटी स्टँडसमोर तो पाय टेकून उभा राहिला आणि म्हणाला की आता उतारावर मला गाडी थांबवता येणार नाही, मी इथं शेकोटी बघतो. दोघांची कार्डं वाया घालवायची गरज नाही, तू जा.

मी गेलो.

वीस मिनिटं शिल्लक असताना निगडीला पोचलो. मेडल मिळालं. तो दहा वाजता भाजीच्या टेम्पोतून चाकणला उतरला.

सोमवारी कँटीनमध्ये सगळ्यांनी विचारलं, कशी झाली? आता मी कसा माणूस आहे हे कँटीनला ठाऊक आहे. मी तोंड उघडलं की ताटं थांबतात. मी सगळं सांगितलं. घाट, कुत्री, मंचरची मिसळ. फिल्म तेवढी सांगितली नाही. स्वेटरही नाही. आणि हशा कुठून तरी आणायलाच हवा होता, म्हणून म्हटलं, “आपल्या साहेबांनी नारायणगावात हाफ-डे टाकला. मेथीच्या जुड्यांवर बसून आले.”

कँटीन फुटलं. मित्र समोरच बसला होता. तोही हसला, आणि म्हणाला, मेथी न्हाई राव, कोथिंबीर होती. एवढंच. फिल्मचा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला असता तर मी आजही या कंपनीत मान वर करून फिरू शकलो नसतो. निघाला नाही. त्या दिवशी नाही, पुढे दोन वर्षं नाही.

त्या दिवसापासून त्याचं नाव हाफ-डे. वेळ संपण्याआधी कुणी काम टाकलं की ‘हाफ-डे केला’. त्यानं पुढे एकही रात्रीची राइड घेतली नाही. विचारलं तर हसून म्हणायचा, आपलं काही जमत न्हाई पूर्ण करायला.

तो गेला तो सायकलवर नाही. रविवारी सकाळी घरात, गॅसवर चहा ठेवून. तेराव्याला आम्ही कंपनीतले दहा-बारा जण गेलो होतो. त्यातल्या एकानं डोळे पुसत, अगदी प्रेमानं म्हटलं, आमचा हाफ-डे गेला हो. त्याची बायको तिथेच होती. थोड्या वेळानं ती पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याजवळ आली आणि खालच्या आवाजात विचारलं की त्यांना हाफ-डे का म्हणायचे. मी म्हटलं, असंच, थट्टेनं. ती म्हणाली, ते तर कधी रजा टाकत नव्हते.

त्यानंतर मी रात्रीच्या सहा राइड पूर्ण केल्या. तयारी आता इतकी पक्की की नवे लोक मला विचारायला येतात. मी त्यांना सांगतो, घाम निघेल इतकं जोरात जाऊ नका. चढावर वरचा थर काढा, उताराआधी घाला. थांबलात तर तीन मिनिटं, दहा नाही. कोरडे कपडे अर्ध्या वाटेपर्यंत उघडू नका. सगळी वाक्यं त्याची. माझ्या पिशवीत कोरडे बनियन दोन असतात आणि स्वेटरही दोन. लोक म्हणतात, काय राव, दुकान लावणार का? मी म्हणतो, हो, शाखा घारगावला.

खेडच्या पुढे अंधारात पाय थांबवले की माझ्या फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू येते आणि तिच्यात अर्ध्या मात्रेनं मागे दुसरी टिकटिक असते. पहिल्यांदा मी रस्ता सोडून मागच्या सायकलवाल्याला पुढे जायला हात केला. मागे कुणी नव्हतं. सायकल चिंचवडच्या मेकॅनिककडे नेली, त्यानं चाक दोनदा खोललं आणि म्हणाला, हबमध्ये काही नाही साहेब, तुम्ही झोप घेत जा. लोकांना गेलेली माणसं थंडीत आठवतात म्हणे. माझं उलटं आहे. कुडकुडत असलो तर मी एकटा असतो. अंगात ऊब भरायला लागली, बोटं मोकळी झाली, की पाठीमागे कुणीतरी उघडं पडल्यासारखं वाटतं आणि मी वळून बघतो. एकदा बघताना खड्ड्यात गेलो, गुडघा फुटला. त्याचीही गोष्ट मी कँटीनमध्ये रंगवून सांगितली.

शेवटी या हिवाळ्यात महाळुंग्याला गेलो. त्याच्या बायकोनं दार उघडलं, म्हणाली, या भाऊजी, बसा की. मी बसल्या बसल्या सगळं सांगितलं. फिल्म, सात फेरे, कात्री. तिथे ती हसली सुद्धा. मग स्वेटर सांगितला आणि कँटीन सांगितलं. ती हसायची थांबली. मी विचारलं, त्या रात्रीच्या थंडीचं काही अंगात राहिलं असेल का?

“ते दोन वर्षांनी गेले, भाऊजी. थंडी दोन वर्षं टिकत न्हाई,” ती म्हणाली. “नाव टिकलं. पोरगी कंपनीच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला आली होती, तिथं तिला हाफ-डेची मुलगी म्हणाले. तिनं घरी येऊन बापाला विचारलं. त्यांनी तिलाबी काही सांगितलं न्हाई. आता मला सांगून काय करू मी? तुम्ही दिलं ना नाव? तुम्हीच काढा.”

दुसऱ्या दिवशी मी कँटीनमध्ये काढायला बसलो. फिल्मपासून सुरुवात केली, आणि तिथेच घात झाला. ‘नाजूक माल’ला लोक बाकावरून खाली यायचे बाकी राहिले. शेततळ्याला एकाला ठसका लागला. हसणं ओसरायची वाट बघत होतो तेवढ्यात भोंगा झाला आणि सगळे ताटं घेऊन उठले. स्वेटर माझ्या तोंडातच राहिला. त्यानंतर दोनदा सांगून बघितलं. दोन्ही वेळा लोकांनी पार्सलची फर्माईश केली, आणि मी पार्सल दिलं. बारा वर्षं लोकांना हसवल्यावर माझ्या तोंडून खरं ऐकायला कुणी तयार नाही, यात त्यांचा दोष काय?

गेल्या आठवड्यात लाइनवर तपासणीला गेलो होतो. एक नवा ऑपरेटर जॉब अर्धवट सोडून चहाला निघाला, तर दुसरा त्याला म्हणाला, ए, हाफ-डे नको करू. दोघांनीही माझ्या मित्राला पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी तो नुसता एक शब्द होता. मी त्यांना थांबवलं. शेजारच्या मशीनवर निघोज्याचे एक जुने ऑपरेटर होते, मिशा पिकलेल्या. त्यांनीही मशीन बंद केलं. या वेळी फिल्मला हातच लावला नाही. माझ्या चुकीनं मी भिजलो होतो, एवढंच म्हटलं, आणि तिथून पुढे सांगितलं: पहाटे तीनला, घारगावात, एका माणसानं आपले कोरडे कपडे काढून मला दिले आणि स्वतः ओल्या जर्सीवर चाळीस किलोमीटर आला. तो हाफ-डे. राइड मी पूर्ण केली ती त्याच्या स्वेटरमध्ये.

कुणी हसलं नाही. नवे दोघं एकमेकांकडे बघत होते. जुने ऑपरेटर हात पुसत होते, ते पुसायचे थांबले.

“मंग सायब,” त्यांनी विचारलं, “तुमी थांबला व्हता का त्यांच्यापाशी?”

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या बायकोनंही नाही. उत्तरं खूप तयार होती. कार्ड, वेळ, त्यानंच जा म्हटलं.

मी म्हटलं, “नाही.”

त्यांनी मान हलवली, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मशीन चालू केलं.