खंडेनवमीला चालू राहिलेली प्रेस

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात स्टीलच्या डब्यांची झाकणं बनायची. पत्र्याची चकती साच्यात ठेवायची, पायाने पेडल दाबायचं, वरून दट्ट्या येऊन आदळायचा आणि झाकण तयार. दट्ट्या आदळला की पायाखालची फरशी हलायची, दातावर दात वाजायचे. संध्याकाळी घाटकोपरला घरी आलं तरी तो ठोका कानात चालूच असायचा.

माझी थोरली जाऊ मोठ्या प्रेसवर बसायची. मी तिच्या बाजूला झाकणांच्या कडा घासायची. बोलायची तीच, दोघींच्या वाटचं. मी मान हलवायची.

सुपरवायझरला एकच गोष्ट कळायची, मशीन थांबता कामा नये. थांबली की मालकाचा फोन यायचा, आणि फोन ठेवला की तो आमच्यावर सुटायचा. एकदा एकीच्या पाठीत त्याने पत्र्याचा तुकडा फेकून मारला. ब्लाउज फाटून रक्त आलं. तिने वरून पदर ओढला आणि पेडल दाबलं.

दुरुस्तीसाठी तर मशीन थांबायचीच नाही. काहीही बिघडलं की ठरलेलं उत्तर, "खंडेनवमीला खोलू." त्या दिवशी यंत्रांची पूजा, म्हणून वर्षातून तेवढा एक दिवस काम बंद असायचं. पूजेआधी फिटर सगळ्या मशिनी खोलून साफ करायचा, तेल घालायचा. तेल गळालं, पट्टा घासला, आवाज आला, सगळं खंडेनवमीवर. आम्हालाही त्यात वावगं वाटत नसे. कुरकुरणाऱ्या मशीनला हात जोडून आम्हीच म्हणायचो, नवमीपर्यंत काढ गं बाई.

त्या वर्षी श्रावणापासून मोठी प्रेस डबल मारायला लागली. पेडल एकदा दाबलं की दट्ट्या खाली यायचा, वर जायचा आणि कुणी न सांगता पुन्हा खाली. ब्रेक धरत नाही, असं फिटर म्हणाला. हे रोज होत नव्हतं, म्हणून भीती जास्त. एका दुपारी झाकण काढताना जावेचा चिमटा साच्यात होता आणि प्रेसने दुसरा ठोका मारला. चिमट्याचं टोक पापडासारखं चपटं झालं. जावेने सुपरवायझरला हाक मारून ते दाखवलं.

"साहेब, चिमट्याच्या जागी हात असता तर?"

"नव्हता ना हात? मग बस. नवमी आलीच आता."

त्याने दुसरा चिमटा तिच्या मांडीवर फेकला.

नवमीची वाट बघत ती पेडल दाबत राहिली. झोपेतही तिचा उजवा हात झटक्याने मागे यायचा. एकदा तो शेजारी झोपलेल्या भाऊजींच्या नाकावर बसला. "मशीनवरचा राग मशीनवर काढ ना," ते सकाळी नाक चोळत म्हणाले.

नवमीला आम्ही चांगल्या साड्या नेसून गेलो. गाळ्यात झेंडूचे हार आले होते, पण मशिनी धडधडत होत्या. दिवाळीचा माल अडला होता, म्हणून मालकाने चालू मशीनचीच पूजा करायला सांगितलं होतं. फिटर पेटी उघडून नुसताच उभा होता. सुपरवायझरने मोठ्या प्रेसच्या पायाशी नारळ फोडला, कुंकवाचं बोट लावलं आणि जावेला म्हणाला, "चल, बस."

"आज खोलायची ठरली होती."

"दिवाळीनंतर बघू."

"मग दिवाळीपर्यंत तुम्ही बसा."

मागे कुणीतरी हसलं. ते त्याला झोंबलं. त्याने जावेचा अंबाडा मुठीत धरला, गजरा तुटला, आणि तिला फरफटत आणून स्टुलावर आदळलं. एका हाताने तिची मान दाबून दुसऱ्या हाताने त्याने तिचं मनगट साच्यापाशी नेलं. "ठेव चकती. ठेव म्हणतो ना." चकती साच्याच्या कडेवर वाजत होती.

मागे एकदा छोट्या प्रेसच्या साच्यात बोल्ट पडून ती दिवसभर अडकली होती. तेवढंच माझ्या डोक्यात आलं. मी खांद्याने दोघांना धक्का दिला. तिची मान त्याच्या हातात होती, त्यामुळे दोघंही फरशीवर पडले. फिटरच्या पेटीतला मोठा हातोडा मी साच्यात आडवा टाकला आणि पेडलवर पाय मारला.

साचा फुटला. हातोड्याची एक ठिकरी उडून माझ्या गालात घुसली. दट्ट्या मध्येच अडकला, मोटर घुरघुरत राहिली, जळका वास सुटला. फिटरने धावत जाऊन मेन स्विच पाडला. सुपरवायझर उठला तो माझ्यावरच आला. कानाखाली मारलं, मग पोटात लाथ. मी खाली पडले तरी तो थांबेना. जावेने चिमटा उचलून त्याच्या मनगटावर घातला. हाड वाजलं. दुसरा घाव कोपरावर बसला तसा तो दाराकडे पळाला, दोघींना पोलिसात देतो म्हणून ओरडत.

आता प्रेस खोलावीच लागणार होती. फिटरने कुणाला न विचारता ती खोलली. ब्रेकचं अस्तर पार झिजलं होतं, नुसते रिव्हेटचे खिळे चकाकत होते. बायका एकेक करून येऊन बघून गेल्या. एकीने तिथे बोट लावलं आणि पदराला पुसलं. मालक आला, त्यानेही ब्रेक बघितला, मग साचा बघितला. उद्यापासून येऊ नका, असं आम्हाला म्हणाला. पोलिसांचं नाव मात्र त्याने काढलं नाही. ब्रेक सगळ्यांसमोर उघडा पडला होता.

घरी आल्यावर जाऊ माझ्यावर तुटून पडली. "तुका कोणी सांगितल्यान ह्यो शाणपणो करूक? तोंडातून कधी शब्द निघणा नाय आणि हातोडो उचलतंस? आता खाऊचा काय?" डाव्या हाताने तिने माझी हनुवटी आवळून धरली होती. उजव्या हाताची नखं गालाच्या जखमेत घालून ती लोखंडाची ठिकरी ओढत होती. मी कळवळले तशी तिने टाळूवर चापट मारली. "हलू नको."

ठिकरी निघाली. ती तिने मोरीत फेकली, तीच बोटं हळदीच्या डब्यात घातली आणि माझा गाल भरून टाकला. तोंडाने शिव्या चालूच होत्या.