पंचवीसपैकी सात

हसायचं असंल तर चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागंल. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांच्या चुका दुरुस्त केल्या. पण रिटायर झाल्यावर मी जी दुरुस्ती केली, तशी कुणी करू नये!

आमचं गाव आखाडा बाळापूर. यंदा पोराचं लग्न झालं. सूनबाई रेणुका संभाजीनगरची, नोकरी कळमनुरीला बँकेत. पोरगी गुणाची. महिनाभरात घरात अशी मिसळली, जणू इथंच वाढली.

एके दिवशी ती बँकेत गेल्यावर मी कपाटावरची धूळ झटकायला खुर्चीवर चढलो. वरून रेणुकाच्या सामानातली पुठ्ठ्याची लांब नळी खाली आली, टोपण उडालं आणि आतून गुंडाळलेला कागद बाहेर पडला. उलगडला तर काय! चांगला जाड कागद, त्यावर पिवळा फराटा, मधोमध काळा गोळा, वर तीन लाल ठिपके.

मी आमच्या मंडळींना हाक मारली. "कौसल्ये, हे काय असंल गं?"

तिनं हात पुसले, मान वाकडी करून बघितलं. "भाकर करपली."

"अन् लाल ठिपके?"

"चटणी."

मला तर साफ दिसत होतं, अंगणात हळद वाळू घातलीय आणि तिच्यात म्हैस शिरलीय! ठिपके म्हणजे मालकिणीचे लाल झालेले दोन डोळे अन् वर कुंकू.

तेवढ्यात खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं: 7/25. दुसऱ्या कोपऱ्यात कुणाची तरी वेडीवाकडी सही.

आता तुमीच सांगा, पेपर तपासण्यात हयात गेलेल्या माणसानं याचा काय अर्थ लावावा? पंचवीसपैकी सात! नापास! अन् पलीकडं मास्तरची सही!

लेकरानं हौसेनं चित्र काढलं, मास्तरनं सात मार्क तोंडावर फेकले, अन् पोरीनं लाजेनं ते नळीत कोंडून इतकी वर्षं लपवलं!

"काय माणूस हाय हा!" मी चिडलो. "एवढा जाड कागद आणला, त्याचे तरी मार्क द्यायचे का न्हाई?"

"मग तुमी द्या की," कौसल्या म्हणाली.

झालं! खोडरबर काढला, सात पुसले, तिथं ठळक बावीस लिहिले. पंचवीसच देणार होतो, पण म्हशीला शिंगं नव्हती. खाली शेरा लिहिला: 'प्रगती उत्तम. सराव चालू ठेवावा.' आणि माझी सही. त्या मास्तरची सही मात्र मुद्दाम राहू दिली. माणसाला आपली चूक दिसली पाहिजे!

तसाच मोटरसायकलवर कळमनुरीला गेलो, काच-फ्रेम करून आणली आणि बैठकीत टांगली.

संध्याकाळी रेणुका आली. "अय्या मामा, फ्रेम केली?" सासऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात. इतकी खूश झाली की माझी छाती फुगली.

"पोरी, एखाद्या वेळी कमी पडतात. त्यात लाजायचं न्हाई. मी वाढवून दिलेत."

"काय वाढवून दिलंत?"

"मार्क!"

तिची नजर कोपऱ्यात गेली. पर्स हातात तशीच धरून ती खाली बसली.

"मामा... हे मी नाही काढलं. पुण्याच्या प्रदर्शनात विकत घेतलंय. दोन वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकून."

"कितीला?"

"चाळीस हजार."

"करपलेल्या भाकरीचे?" कौसल्या किंचाळली.

मग रेणुकानं हळूहळू समजावलं. चित्रकार बाईंनी अशी पंचवीसच छापली होती, पुन्हा छापणार नव्हत्या. त्यातलं हे सातवं. बाजारातली किंमत त्या नंबरवर आणि सहीवर.

"अन् आता?" मी विचारलं.

"आता बावीस नंबरची दोन झाली, मामा. सातवं जगातूनच गेलं."

जमीन दुभंगावी असं वाटलं! नवी सून, तिच्या कष्टाची वस्तू, अन् मी शेरा मारून बसलेलो! जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी रेणुकानंच त्या बाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू करून माझ्या हातात दिला.

"गुरुजी," पलीकडून बाई म्हणाल्या, "बावीस कशाबद्दल दिलेत?"

आता खोटं काहून बोलायचं? मी हळद, म्हैस, मालकीण, सगळं सांगून टाकलं. शिंगांचंसुद्धा.

बाई जे हसायला लागल्या! "मी त्याचं नाव 'अंतर्मौन' ठेवलं होतं हो! तुमची म्हैसच बरी. पण खरं सांगते, बाजारात आता याला कुणी विचारणार नाही."

"मला कुठं विकायचंय?" रेणुका बाजूनं म्हणाली. "राहू द्या मामा, शेऱ्यासकट."

डोळे भरून आले माझे. चित्र तिथंच राहिलं.

परवा आमचे जुने केंद्रप्रमुख चहाला आले. पूर्वी माझी शाळा तपासायला तेच यायचे. त्यांनी चष्मा लावून नंबर वाचला, शेरा वाचला, खालची माझी सही ओळखली. मी सगळी हकीकत सांगितली. वाटलं, हसतील. साहेब गंभीरच!

"गुरुजी, वीस वर्षं एक कोडं मला सुटत नव्हतं. आज सुटलं."

"कोणतं साहेब?"

"तुमच्या वर्गात एकही पोरगं कधी नापास काहून होत नव्हतं!"